हातांवाचून लिहिलेला प्रबंध

मालविका अय्यर यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९८९ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे झाला. कावेरीकाठचे हे गाव देवळांचे आणि विद्येचे. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण इथल्याच एका लहानशा घरात गेले. गावाच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर स्वामीमलै आहे. मुरुगनच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक. देवळात जायला साठ पायऱ्या चढाव्या लागतात आणि गावात मेणाचा नमुना करून पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींची घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. मेणाला आकार देणे, त्यावर कावेरीच्या गाळाचे लेप चढवणे, मूर्ती साच्यातून निघाल्यावर छिन्नीने नाकडोळे कोरणे, हे सारे बोटांचे काम. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरच्या गादीवर भोसल्यांचे राज्य होते. हातांच्या कसबासाठी नावाजलेल्या या भागात जन्मलेल्या मुलीचे दोन्ही हात तेराव्या वर्षी गेले, आणि पुढच्या पंधरा वर्षांत तिने डॉक्टरेट मिळवून अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणारी अभ्यासक म्हणून आपली जागा तयार केली.

वडील पाणीपुरवठा खात्यात अभियंता असल्यामुळे कुटुंब राजस्थानात बिकानेरला राहत होते आणि मालविका तिथेच वाढली. खेळकर, घरात न टिकणारी, कथक शिकणारी मुलगी अशी तिची तेव्हाची ओळख होती. घरापासून जवळच सैन्याचे दारूगोळ्याचे कोठार होते. काही महिन्यांपूर्वी तिथे आग लागली होती आणि न फुटलेली स्फोटके आसपासच्या वस्तीत विखुरली होती. २६ मे २००२ हा सुटीचा दिवस होता. जीन्सचा फाटलेला खिसा मालविकाने डिंकाने चिकटवला आणि तो दाबून बसवायला काहीतरी जड वस्तू हवी म्हणून ती गॅरेजमध्ये शोधू लागली. तिथे एक धातूचा तुकडा हाती लागला. तो हातबॉम्ब होता. खिशावर तो आपटताच स्फोट झाला. दोन्ही हात मनगटांच्या वरून तुटले. पायांची हाडे अनेक ठिकाणी मोडली, मज्जातंतू फाटले आणि डावा पाय जेमतेम कातडीला धरून राहिला.

अशा अपघातांना निव्वळ नशिबाचा घाला म्हणणे बरोबर नाही. न फुटलेला गोळा वर्षानुवर्षे जिवंत राहतो. बाहेरून गंजला तरी आतली स्फोटके निकामी होतीलच असे नाही, आणि लहान मुलाला तो लोखंडाच्या भंगारासारखाच दिसतो. २०१६ मध्ये विदर्भातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली तेव्हा आजूबाजूची गावे रातोरात रिकामी करावी लागली होती. कोठाराची आग विझली तरी परिसर शोधून साफ करण्याचे काम उरतेच. सापडलेल्या अनोळखी धातूच्या वस्तूला हात लावायचा नाही आणि ती पोलिसांना दाखवायची, हे अशा वस्त्यांतल्या मुलांना शाळेतच शिकवले पाहिजे.

आधी जीव वाचवणे आणि मग पाय वाचवणे या क्रमाने उपचार झाले. पुढे मालविकाला चेन्नईला हलवण्यात आले आणि तिथल्या रुग्णालयात तिचे सुमारे दीड वर्ष गेले. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. हातांच्या मानाने पायांचे दुखणे लांबले. त्याचे कारण मज्जातंतूंच्या स्वभावात आहे. मोडलेले हाड काही महिन्यांत सांधते, पण तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढला तरी दिवसाला साधारण एक मिलिमीटर इतकाच सरकतो. मांडीत फाटलेला तंतू पावलापर्यंत पोहोचायला त्यामुळे वर्षाहून अधिक काळ लागू शकतो, आणि इतके होऊनही संवेदना पूर्ण परतेल याची खात्री नसते. मालविकाच्या पायांत काही भागांत संवेदना कमी राहिली, काही हालचाली गेल्या त्या गेल्याच. उठून बसणे, उभे राहणे, आधाराने एक पाऊल टाकणे हे सगळे तान्ह्या मुलासारखे पहिल्यापासून शिकावे लागले. आई हेमा या काळात सतत तिच्याबरोबर होत्या. रुग्णालयात येणाऱ्याजाणाऱ्या बायका या मुलीचे आता कसे होणार, हे जगणे म्हणजे शापच, असे आपसात बोलत. ते शब्द खाटेवरच्या मुलीच्या कानावर पडत होते. पुढे आपल्या भाषणांत मालविका यांनी त्यांचा उल्लेख पुन्हापुन्हा केला आहे.

हातांवरची शस्त्रक्रिया घाईत, प्राण वाचवण्याच्या दडपणाखाली झाली होती. उजव्या हाताच्या टोकाचे हाड मांसाने नीट झाकले गेले नाही आणि ते बाहेर डोकावत राहिले. कुठेही टेकले तरी तीव्र कळ येई. वैद्यकीय दृष्टीने ती चूकच होती. मात्र हेच हाड पुढे मालविका यांच्या एकुलत्या एका बोटासारखे उपयोगी पडले. त्याच्याच टोकाने त्यांनी संगणकाचा कळफलक वापरायला सुरुवात केली.

दरम्यान मालविकाला जर्मन बनावटीचे मायोइलेक्ट्रिक कृत्रिम हात बसवण्यात आले. या हातांचे काम समजून घेण्यासारखे आहे. बोटे गेली तरी ती हलवणारे बरेचसे स्नायू कोपराखाली शिल्लक असतात, आणि मूठ वळायची असे मनात आणले की ते अजूनही आकुंचन पावतात. आकुंचनाबरोबर कातडीवर अतिशय सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. कृत्रिम हाताच्या खोबणीत बसवलेले संवेदक तो टिपतात, तो मोठा केला जातो आणि बॅटरीवर चालणारी मोटर बोटे उघडते किंवा मिटते. सांगायला हे सोपे. प्रत्यक्षात उघडण्याचा इशारा आणि मिटण्याचा इशारा वेगळा द्यायला स्नायूंना महिनोन्‌महिने शिकवावे लागते. हात जड असतो, चेन्नईच्या दमट हवेत खोबणीत घाम साचतो आणि मुख्य म्हणजे त्या हाताला स्पर्श कळत नाही. पेला पकडला आहे की चिरडतो आहे हे डोळ्यांनी पाहूनच ठरवावे लागते. म्हणून असे हात मिळाले की प्रश्न सुटला, हा समज खरा नाही. वापरणाऱ्यांपैकी अनेक जण काही कामांना ते लावतात आणि काही कामे त्यांच्याशिवायच करतात.

२००४ च्या सुमारास आपल्याबरोबरच्या मुली दहावीच्या परीक्षेला बसणार आहेत हे मालविकाला कळले. तिची शाळा नववीच्या उंबरठ्यावर थांबली होती. परीक्षेला तीनचार महिने उरले होते, चालणे अजून धड जमत नव्हते, लिहायला हात नव्हते. तरीही खासगी विद्यार्थिनी म्हणून परीक्षेला बसायचे तिने ठरवले. घराजवळच्या शिकवणीत ती जाऊ लागली. परीक्षेत तिने लेखनिकाची मदत घेतली.

लेखनिक घेऊन परीक्षा देणे म्हणजे सोय झाली, असे पुष्कळांना वाटते. गणिताचे उदाहरण डोक्यात सोडवायचे आणि प्रत्येक पायरी दुसऱ्याला शब्दांत सांगायची, याचा विचार केला तर हा समज टिकत नाही. कंस कुठे उघडला, घात कशाचा, भाजक कुठवर, हे न बघता लक्षात ठेवावे लागते. भूमितीची आकृती स्वतः न काढता बोलून काढून घ्यावी लागते. हाताने लिहिणारा विद्यार्थी लिहितालिहिता विचार करतो, कागद त्याच्या स्मरणाचा भार उचलतो. लेखनिकाबरोबर बसलेल्या विद्यार्थ्याला आधी पूर्ण विचार करावा लागतो आणि मग सांगावे लागते. अशा रीतीने दिलेल्या परीक्षेत मालविकाने राज्यात वरचे स्थान मिळवले, गणित आणि विज्ञान या विषयांत पैकीच्या पैकी गुण घेतले. वर्तमानपत्रांत तिचे नाव झळकले आणि तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी तिला राष्ट्रपती भवनात भेटीला बोलावले. दोन वर्षे जिच्याकडे कीव येऊन पाहिले जात होते तिच्याकडे लोक प्रथमच कौतुकाने पाहू लागले.

त्या काळी लेखनिकाची सोय बहुतेक ठिकाणी परीक्षा घेणाऱ्याच्या मर्जीवर होती. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि लेखनिक घेणाऱ्याला दर तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ द्यावा असे ठरवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. कागदोपत्री ठरावीक टक्केवारीइतके अपंगत्व नसले, तरी हाताने लिहिता येत नसेल तर लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. मालविका यांच्या पिढीतल्या मुलांनी या सोयी मागून, भांडून मिळवल्या आणि मागच्यांची वाट थोडी सोपी केली.

दहावीनंतर मालविका यांनी दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळवली. त्यानंतर त्या समाजकार्याकडे वळल्या आणि दिल्ली स्कूल ऑफ सोशल वर्कमधून पदव्युत्तर शिक्षण घेतले. तिथे प्रत्यक्ष कामासाठी अपंग मुलांमध्ये जावे लागले. आपल्यासारख्याच, काहींची स्थिती आपल्याहून कठीण असलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांचा स्वतःकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलू लागला. एम.फिल. आणि पीएच.डी. त्यांनी चेन्नईच्या मद्रास स्कूल ऑफ सोशल वर्कमध्ये केली.

बाहेरून पाहता ही सरळ चढती वाट वाटते. आत मात्र एक गाठ बरीच वर्षे सुटली नव्हती. लोक टक लावून पाहतात म्हणून मालविका हात झाकून ठेवत. पूर्ण बाह्यांचे कपडे घालत, कृत्रिम हातांशिवाय कोणासमोर जात नसत आणि अपघाताविषयी बोलणे टाळत. २०१२ च्या मे महिन्यात त्या घटनेला दहा वर्षे पूर्ण झाली तेव्हा त्यांनी फेसबुकवर आपली सारी हकिकत लिहिली. ती पाहतापाहता हजारो लोकांपर्यंत गेली. २०१३ मध्ये चेन्नईत टेड-एक्सच्या व्यासपीठावर त्यांनी ती प्रथमच जाहीरपणे सांगितली आणि तिथून त्यांच्या वक्तृत्वाला सुरुवात झाली. दहावीच्या यशाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व या घटनेला द्यायला हवे. परीक्षेत गुण मिळवून लोकांना गप्प करता येते, पण स्वतःचे शरीर जसे आहे तसे चारचौघांत उघडे मांडायला निराळे धैर्य लागते. ते यायला त्यांना दहा वर्षे लागली, आणि हा काळ त्या लपवत नाहीत.

त्यांच्या संशोधनाचा विषयही इथूनच उगवला. अपंगत्वाकडे पाहण्याच्या तीन तऱ्हा अभ्यासक सांगतात. पहिली दयेची. अपंग माणूस बिचारा, त्याला दान द्यावे. दुसरी वैद्यकीय. दोष शरीरात आहे, तो दुरुस्त करावा. तिसरी सामाजिक म्हणून ओळखली जाते आणि १९७० च्या दशकापासून ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी ती जोरकसपणे मांडली. पाय न चालणे ही शरीराची अवस्था आहे, पण इमारतीला फक्त जिनाच असणे ही समाजाने घातलेली अडचण आहे आणि ती दूर करणे समाजाच्या हातात आहे. मालविका यांनी महाविद्यालयीन तरुणांच्या मनात अपंग व्यक्तींविषयी कोणत्या धारणा आहेत हा विषय डॉक्टरेटसाठी घेतला. तो निवडण्यामागे विचार होता. आजचे विद्यार्थी उद्या शिक्षक, डॉक्टर, अभियंते आणि नोकरीच्या मुलाखती घेणारे अधिकारी होतात. त्यांच्या मनातला संकोच तेव्हाच दूर झाला नाही, तर उतरण बांधली जाते पण दाराशी माणूस अडतोच. प्रबंधाचे पानन्‌पान त्यांनी स्वतः टंकित केले, त्याच उजव्या हाडाच्या टोकाने. २०१७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्याच वर्षी देशाच्या कायद्यातही मोठा बदल झाला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे मान्य होती. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्कविषयक कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिल्यावर जुना कायदा अपुरा पडू लागला. नवा कायदा डिसेंबर २०१६ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले, सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण तीनवरून चार टक्के झाले आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के जागा राखल्या गेल्या. २०११ च्या जनगणनेत देशातल्या अपंग व्यक्तींची संख्या २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के नोंदली होती. जगातल्या इतर देशांतले प्रमाण पाहता हा आकडा फार कमी आहे. अपंगत्व लपवण्याची सवय जिथे असते तिथे मोजणाऱ्याला खरी संख्या मिळणे अवघडच.

महाराष्ट्रात याच वाटेने आधी गेलेले एक मोठे नाव आहे, कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक. किशोरवयात कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावर बाबूकाका दिवाण यांच्या आधाराने त्या उभ्या राहिल्या. १९८४ मध्ये त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभारली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी घराघरांत वाचले गेले. दोघींच्या कामाचे स्वरूप वेगळे आहे. हुरजूक यांनी वसतिगृह, शाळा, रोजगार अशी प्रत्यक्ष व्यवस्था उभी केली. मालविका अय्यर यांचा भर लोकांच्या मनातल्या प्रतिमेवर आणि धोरणावर राहिला. एका पिढीने छप्पर उभे केले नसते तर पुढच्या पिढीला प्रतिमेविषयी बोलायला सवड मिळाली नसती, म्हणून या दोन कामांत उजवेडावे करू नये.

मालविका यांच्या कामाचा एक भाग कपड्यांशी निगडित आहे, आणि तो ऐकताना क्षुल्लक वाटला तरी तसा नाही. गुंड्या, हुक, नाडी, मागची चेन हे सगळे दोन हात आणि दहा बोटे गृहीत धरून केलेले असते. ज्याला ती नाहीत त्याला रोज सकाळी कपडे घालण्यासाठी दुसऱ्याला हाक मारावी लागते. चेन्नईत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था आणि ॲबिलिटी फाउंडेशन यांच्या पुढाकाराने झालेल्या फॅशन शोमध्ये मालविका अपंग व्यक्तींच्या सोयीचे कपडे घालून मंचावर आल्या. सोयीचा कपडा देखणाही असावा ही त्यांची मागणी आहे. अपंग माणसाने मिळेल त्यात समाधान मानावे, या जुन्या अपेक्षेला दिलेले ते उत्तर आहे.

२०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या विमेन इन द वर्ल्ड परिषदेत मालविका यांना उदयोन्मुख नेतृत्वासाठीचा पुरस्कार मिळाला. मार्च २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयात त्यांचे भाषण झाले. ८ मार्च २०१८ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार प्रदान करण्यात आला. दोन वर्षांनी, ८ मार्च २०२० रोजी, पंतप्रधानांनी आपली समाजमाध्यमांवरची खाती एका दिवसासाठी सात स्त्रियांच्या हाती दिली. त्या सातजणींत मालविका होत्या, आणि बंजारा भरतकामाची कला टिकवणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या विजया पवारही होत्या.

त्या दिवशी मालविका यांनी मुलांच्या अभ्यासक्रमाचा मुद्दा मांडला. पाठ्यपुस्तकांत आणि सिनेमांत अपंग माणूस दुबळा, दुसऱ्यावर अवलंबून असा दाखवला जातो. त्याऐवजी तो काम करणारा, निर्णय घेणारा, आदर्श ठरावा असा का दाखवू नये, असा त्यांचा प्रश्न होता. स्वतःविषयी बोलतानाही अपंगत्वावर मात केली असे म्हणून त्या थांबत नाहीत. हात परत आलेले नाहीत, पायांतल्या वेदना गेलेल्या नाहीत आणि शस्त्रक्रियांचे परिणाम रोजच्या जगण्यात आहेत, हे त्या मोकळेपणाने लिहितात. छायाचित्रांत आणि सभांत त्या आता अनेकदा कृत्रिम हातांशिवाय, आखूड बाह्यांच्या कपड्यांत दिसतात. शाळांत, महाविद्यालयांत, कंपन्यांत त्यांची व्याख्याने होतात. वर्गात व कचेरीत चाकाची खुर्ची पोहोचते का, संकेतस्थळ दृष्टिहीनाला वाचता येते का, मुलाखतीला आलेल्या अपंग उमेदवाराशी बोलताना त्याच्याबरोबरच्या माणसाकडे न पाहता त्याच्याकडे पाहिले जाते का, असे प्रश्न त्या ऐकणाऱ्यांपुढे ठेवतात.